खिळ्यावरचा बिल्ला

शिरोलीच्या फाउंड्रीत रात्रपाळीला
ओतीव लोखंडाचे फोटो काढायचा माझा नवरा.
व्हॉल्व्हच्या पोटात कुठं पोकळी राहिली, कुठं केसाएवढी चीर,
आपल्याला दिसत नाही, इरिडियमला दिसतं.
दोरी बांधायची, लाल दिवा लावायचा, माणसं लांब हाकलायची,
मग हँडल फिरवून
डाळीएवढा तुकडा नळीतून पुढं ढकलायचा.
सकाळी घरी येऊन सांगायचा,
"आज दोन नग नापास. पोटात हवा."

एका रात्री तुकडा नळीतच अडकला.
नियम म्हणतो, लांब व्हा, साहेबांना फोन करा.
साहेबांचा फोन बंद, आणि सहाला ट्रक भरायचा होता.
भूपालनं जवळ जाऊन हातानं नळी सरळ केली.
किती वेळ?
अल्ताफ शिकलगार म्हणतो, दोन मिनिटं.
भूपाल म्हणतो, "सात वेळा णमोकार म्हटला, एवढंच की."

वास नाही, चटका नाही, उजेड नाही.
परत येताना गंगावेशीत म्हशीखालचं
दोन पेले दूध प्याला.
दुधानं धुऊन जातं, असं कुणीतरी सांगितलेलं.

आणि बिल्ला?
अंगावर किती बसलं ते मोजणारा, छातीला लावायचा बिल्ला
ऑफिसातल्या खिळ्याला टांगलेला होता.
बिल्ला भरला की घरी बसवतात, रात्रीचा भत्ता जातो.
सगळेच टांगायचे.
त्या वर्षीचा रिपोर्ट माझ्याकडं आहे अजून.
बिल्ला ठणठणीत.

अकरा वर्षांनी
पांढऱ्या पेशी एक लाख साठ हजार.
डॉक्टर तारळेकरबाईंनी केसपेपरच्या मागं
चार काड्या काढल्या, दोन नवव्या, दोन बाविसाव्या.
पेशीत धागे असतात, म्हणाल्या. किरण धागा तोडतो.
पेशी सांधते. बहुतेक वेळा नीट सांधते.
कधी दोन धागे एकदम तुटतात
आणि याचं टोक त्याला बसतं.

मी म्हटलं, बाई, थांबा.
मी इचलकरंजीची. लग्नाआधी सहा वर्षं तुटलेले ताणे सांधलेत.
पहाटे अडीचला डोळे मिटायला लागले की
निळ्याचं टोक पांढऱ्याला मीही बांधलंय.
माग थांबत नाही त्यानं. थांबला असता तर बरं.
कापड निघत राहतं, मीटरमागं मीटर,
निळी रेघ भलत्याच जागी घेऊन.
शेवटी मेंडिंगवाली असते, ती खडूनं खूण करते.
"शरीरातही असते," बाई म्हणाल्या,
"तिच्याही नजरेतून सुटतं."

मग जे विचारायला आले होते ते विचारलं.
त्या रात्रीमुळंच झालं का?
बाईंनी पेन खाली ठेवलं.
धोका वाढतो, एवढं सांगता येतं.
हजार माणसं त्या नळीपाशी उभी केली
तर नेहमीपेक्षा जास्त जण आजारी पडतील.
त्यातला किरणांचा कोण आणि असाच कोण,
ते रक्तावर लिहिलेलं नसतं.

म्हणजे गाठ दिसते.
बांधणारा हात दिसत नाही.

भरपाईच्या अर्जात 'कारण' असा रकाना आहे.
कंपनीनं बिल्ल्याचा रिपोर्ट जोडलाय.

रात्रपाळी सुटली, तेव्हापासून भूपाल
दिवस मावळायच्या आत जेवतो,
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यावर एक गोळी.
लागू पडलीय. आकडे खाली येतायत.
गोळी आयुष्यभर, तेही बाई म्हणाल्या,
पण ते मी त्याला हळूहळू सांगणार आहे.

रविवारी अल्ताफ आला, किटलीत गंगावेशीतलं दूध घेऊन.
पोरांचं, ट्रकांचं, नव्या साहेबांचं बोलणं झालं.
भूपालनं एकच विचारलं,
"बिल्ला कुठं असतोय रं तुझा?"

अल्ताफ पेला हातात फिरवत राहिला.
दुधावर साय धरली.