सुई कडेला वळते

नंदनवार रोज दहा मिनिटं उशिरा यायचे.
इतवारीहून सायकल, डब्यात भाकर,
शर्टाच्या खिशात टेस्टर.
मी नवी होते, सव्वीस वर्षांची, घड्याळ दाखवलं.
ते म्हणाले, "प्रकाशालेही उशीर होते जी मॅडम.
तुम्हीच तं शिकवलं काल."

काल अकरावी ब ला सांगितलं होतं :
रोमर नावाचा डेन्मार्कचा माणूस,
गुरूचा एक चंद्र सावलीतून बाहेर पडायच्या वेळा टिपत बसलेला.
नोव्हेंबरात तो दहा मिनिटं उशिरा दिसेल म्हणाला,
आणि दिसला.
चंद्र वेळेवरच होता.
वाटेत अंतर होतं.

मस्टरवर मी लाल शाई उघडली नाही,
तेव्हा नाही, नंतरही नाही.

वडील कोष्टी, हात मागावरचे.
तांब्याची तार गुंडाळताना
फेऱ्याला फेरा चिकटून, एकही दुसऱ्यावर चढत नसे.
मोजायचे लुगड्यांसारखं : एक कोडी, दोन कोडी,
आणि मुलांची वेटोळी पाहून
नुसतेच मान हलवायचे.

मग ओर्स्टेड.
तारेत वीज सोडली, शेजारी होकायंत्र,
सुई हलली. वर्गासमोरच, अठराशे वीस साली.
समोर बसलेल्यांना फारसं काही वाटलं नाही म्हणतात.
माझ्याही वर्गाला वाटलं नाही.
मे महिना, जादा तास, बाहेर शेहेचाळीस,
सगळे कूलरच्या बाजूला सरकलेले.
एकटे नंदनवार वाकून बघत होते,
दर वर्षी, पहिल्यांदाच बघितल्यासारखे.
"ओढत नाही, ढकलतही नाही पाहा.
कडेले वळवते.
आमच्या मोठ्या भावासारखी गोष्ट आहे,
ये म्हणत नाही, जा म्हणत नाही."

बोर मात्र परीक्षेला होता, सात गुणांना.
नाव फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकावर खसखस,
कारण फाटकाबाहेर बोरंवाली बसलेली, मीठ-तिखट लावून.
इलेक्ट्रॉन पायऱ्यांवर असतो, मधे नसतो, मी सांगत होते.
मधे नसतो म्हणजे कुठे असतो, हे कोणी विचारलं नाही.
बरं झालं. मलाही नीट माहीत नव्हतं.

इंगे लेमान पुस्तकात नव्हती.
मी कोपऱ्यात नाव लिहिलं, खडू मोडला.
भूकंपाच्या नोंदी ती पुठ्ठ्याच्या कार्डांवर उतरवायची,
कार्डं ओटच्या रिकाम्या खोक्यांत.
जिथे पोचू नयेत तिथे काही लहरी पोचत होत्या,
त्यावरून तिने म्हटलं,
पृथ्वीच्या पोटात आणखी एक गाभा आहे.
निबंधाचं शीर्षक एकच अक्षर.
एकशे चार वर्षं जगली.
"मॅडम, हे परीक्षेला आहे?"
"नाही."
पेनं खाली. फक्त प्राजू लांजेवारचं चालू राहिलं.
आणि नंदनवारांनी संध्याकाळी
बुटांच्या खोक्यात ठेवलेल्या आपल्या चिठ्ठ्यांवरची धूळ झटकली :
लोलक तीन, एक तडकलेला. स्क्रू लहान. फ्यूज.

झिरो माइलच्या दगडी घोड्यांजवळून बस जाते तेव्हा
मी अजून खाली बघते.
देशाचा मध्य इथे आहे की नाही यावर लोक भांडोत,
पाच हजार किलोमीटर सरळ खाली
तिचा गाभा आहे, एवढं नक्की.

आषाढात, सीताबर्डीच्या बँकेत, टोकन हातात,
त्यांची मुलगी भेटली.
"बाबा वैशाखातच गेले ना.
तुम्हाले कोणी सांगतलं नाही?"
इतवारी माझ्या घरापासून सहा किलोमीटर.
दोन महिने मी त्यांना जिवंत धरून चालले होते,
एकदा तर चष्म्याचा स्क्रू त्यांच्यासाठी बाजूला ठेवला होता.

निरोपाच्या दिवशी त्यांनी दिलेलं होकायंत्र
टेबलावर आहे, काच तडकलेली.
रात्री कधी मी ते दिव्याच्या वायरीजवळ नेते.
घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे होते,
सुई वळणार नाही,
तीस वर्षं शिकवलंय मी हे.
तरी वाकून बघते.