मागचा स्क्रू

इर्या म्हणाली, बंदूक शिकारमंडळाला दिली,
पोलिसांचे कागदही झाले.
मला फक्त पट्टा हवाय.

रेनडिअरच्या कातड्याचा, तीन बोटं रुंद,
दोन्ही टोकं कड्यांतून ओवून
जागच्या जागी शिवून टाकलेली.
ना बक्कल, ना हूक.
कापला असता तर दोन मिनिटांचं काम.
मी चाकूकडे नुसतं पाहिलं
तर म्हणाली, टाके आईचे आहेत.

मग कड्याच काढायच्या, दस्त्यावरून.
पुढच्या कडीचा स्क्रू निघाला निमूट, चार वेढ्यांत.
मागचा नाही.

हाउकिलम्पीच्या शाळेत चाळीस वर्षं मी धातुकाम शिकवलं,
अडकलेल्या स्क्रूंबद्दल माझी मतं ठाम आहेत.
गंजाने अडकतात त्याहून जास्त
ते घाईने अडकतात.
कुणीतरी मिळेल तो स्क्रूड्रायव्हर खुपसतं,
खाचेचे ओठ फाटतात
आणि नाव लोखंडाचं बद्दू.

म्हणून आधी पातं कानशीवर घासलं,
खाचेत बसेल आणि डुगडुगणार नाही इतपत.
भोवतीच्या बर्चवर चिकटपट्टी, दोन थर.
काडीच्या टोकाने तेलाचा थेंब.
एकच. लाकूड अधाशी असतं.
आता रात्रभर वाट बघायची, मी म्हटलं, उद्या ये.

ती गेली नाही. कॉफी तिनेच ठेवली.
म्हणाली, बाबा एकतीस हिवाळे ही घेऊन जंगलात गेला,
एल्क मारले चार.
बाकी दिवस नुसता चालून यायचा.

सकाळी सोल्डरिंगचं टोक तापवून
स्क्रूच्या माथ्यावर टेकवलं, वीस आकडे मोजले.
वास आला.
तेलाचा नव्हे, गंजाचा नव्हे,
स्प्रूसच्या राळेचा.
म्हणजे हा अडकलेला नव्हता,
कुणीतरी अडकवलेला होता.

सोडवण्याआधी जरा आवळायचं,
हे सांगितलं की वर्ग हसायचा.
केसभर उजवीकडे. थांब.
मग डावीकडे, अंगाचा भार देऊन.

कट्.

डोकं तुटलं, असंच वाटलं मला.
इर्याने कप खाली ठेवला.
पण पातं वळत होतं, त्याच्याखाली तोही,
कुरकुरत, वेढ्यामागून वेढा.

बाहेर काढून उजेडात धरला:
आट्यांमध्ये गच्च गुंडाळलेला लाल दोरा,
राळेत बुडवून वाळवलेला.
मळसूत्रात खरंच सूत.
टाक्यांचाच लाल.

भोक सैल झालं होतं, इर्या म्हणाली, आठवतंय मला.
त्या साली बाबा दलदलीत कंबरेपर्यंत गेला,
कडी उपटली, बंदूक खाली,
तिला शोधण्यात त्याची दोन बोटं गारठून गेली.
आई काही बोलली नाही. संध्याकाळभर इथे बसली.
शेवटी एवढंच:
आता तू पडलास तरी ही पडायची नाही.

हे सांगून ती हसली, आणि मग
बराच वेळ नाक शिंकरत राहिली.

स्क्रू घे, मी म्हटलं.
नको. तो बंदुकीचा.

पट्टा खांद्याला अडकवून निघाली,
खाली लोंबणारं काहीच नाही,
दोन कड्या एकमेकींवर वाजत होत्या.
फाटकापर्यंत गेली डावा खांदा जरा उचलून,
ताउनो चालायचा तशी,
वजन घसरू नये म्हणून.

मंडळाची माणसं शुक्रवारी येतील.
नवी कडी आणून ठेवली आहे.
भोक अजून बुजवलेलं नाही.
घरात लाल दोरा आहे का,
ते बघतो आहे.