वीस मिनिटं

काचेच्या नळीत दोन मिली रक्त.
वीस मिनिटं हलवायचं नाही.
मडावी घड्याळ बघतो, मी फुलवंताबाईचा पाय.

रोवणी करताना, बांधीत.
"परड होती," म्हणत दीर युरियाची पिशवी उघडतो:
पाठीवर तीच साखळी
जी घाटंजीला अकरा वर्षं पाहिली.
तिकडे कपाशीत ही चावली
की हिरड्यांतून रक्त येई,
मांडीपर्यंत काळंनिळं.
इथे घोटा जेमतेम सुजलाय,
आणि पापण्या मात्र
ओल्या पोत्यासारख्या खाली येताहेत.

तीच जात, तेच दात.
उंदरांवर पोसलेलीच्या गालात एक मुरतं,
बेडकांवर पोसलेलीच्या गालात दुसरंच?
कोण येऊन मोजणार, या तळ्याच्या पाळीवर?
औषधाच्या खोक्यावर चार सापांची नावं आहेत,
गावाचं एकही नाही.
घोड्याला टोचलेलं विष
कुठल्या मातीतलं, खोकं सांगत नाही.
तरी दहा बाटल्या लावल्या. आहेत त्या याच.

"डोये उघडा, बाई. डोये."
ती जड जिभेनं हसते.
"डोये नाही जी. डोरे."
मी पुन्हा म्हणते, तिच्यासारखं.
डावी पापणी थोडी हलते.

मडावी नळी आडवी करतो.
रक्त गोठलेलं, जागचं हलत नाही.
तो माझ्याकडे बघतो, मी तिच्या छातीकडे:
वर, खाली, वर.
एकशेआठला फोन लागलाय.

रजिस्टरात सापाच्या रकान्यात परड लिहिते,
आणि पुढे, रकाना नसताना,
बांधीचं नाव विचारून घेते.