एकच खातं

स्पाल्डिंगच्या बाहेर, फेब्रुवारीत,
डॅफोडिल मिटलेली असतानाच खुडतात;
उमलायचं ते दुकानात पोचल्यावर.

आमच्या कंपनीच्या फॉर्मवर चाळीस चौकोन.
हातमोजे दिले का? हो. पाणी? हो.
पासपोर्ट स्वतःजवळ आहे का?
आयझादाच्या आधी मुकादमच म्हणाला, "हो."
तिनं चिकानं उललेले हात
बाहीत ओढून घेतले.

मी खूण केली. बरोबरची.
सतरा वर्षं हेच करतेय,
कंद मोजते, कुंड्या मोजते,
डोळ्यांवर कातडं ओढून सह्या करते.

रात्री लॉजवर, चहा निवत असताना
पगाराचे कागद उगाच चाळले.
नऊ नावं. किर्गिझ, नेपाळी, एक रुमानियन.
नऊही नावांपुढे
बँकेचा नंबर एकच.

पुन्हा वाचला, बोट ठेवून,
लहान मूल वाचतं तसा.

सकाळी ट्रक अडवला.
साहेब फोनवर ओरडला, मदर्स डे तोंडावर आलाय, ग्वेन!
म्हटलं, आलाय.

मग मुकादमाला फाटकाबाहेर ठेवून
शेडमध्ये गेले, फॉर्म न घेता.
दुभाषी फोनवर होती.
आयझादानंच आधी विचारलं,
"आज गेलीस की पुन्हा येशील?"

त्याला चौकोन नव्हता.