दुसरं गेट

टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटपाशी
रोज माझी दहा मिनिटं जातात.
मिरजेची पॅसेंजर निघून जाते, दांडा अजून आडवाच.
पुढं उद्यमबाग.
शेडांच्या मागं नाकारलेली कास्टिंगं,
पंपांची पोटं, व्हॉल्व्हचे गळे,
तांबूस होत पडलेली.
आप्पा म्हणायचे,
लोखंडाला गंज लागत नाही गं,
लोखंडच हवा खातं.

"काय करूलालीस रातभर त्या लॅबात?"
थेंब टाकते, आप्पा.
पेरॉक्साइडचा, पातळ केलेला.
आणि बघते, पेशी घाबरते का.
"मग? घाबरती?"
जास्त टाकला तर मरते.
थोडा टाकला तर कामाला लागते.

एक प्रथिन आहे, एनआरएफ-टू.
(असलं नाव ठेवणाऱ्यानं
बारशाच्या घुगऱ्या वाटल्या नसणार.)
पेशी ते घडवत राहते
आणि वीसेक मिनिटांत मोडीत काढते.
घडव, मोड. घडव, मोड.
"हे दिवाळं काढायचं लक्षण."
नाही आप्पा, तयार असण्याची किंमत.
सुट्टीच्या दिवशीही
भट्टी पार गार होऊ देत होता का तुम्ही?

त्याला मोडीत घालतो एक राखणदार, कीप-वन.
त्याची काही बोटं गंधकाची.
येईल त्याला धरतो,
पाठीवर भंगाराचा शिक्का मारतो.
आत जाळ वाढला
की पहिला चटका त्या बोटांना.
बोटं आखडतात.
धरलेला सुटत नाही, पण शिक्काही उठत नाही.
हात असे अडकून पडल्यावर
मागून येणाऱ्या नव्यांना धरणार कोण?
ते सरळ केंद्रकात,
आणि दोन लिप्यांच्या पाटीवर
आपण आपली ओळ हुडकतो तशी
नेमकी जागा हुडकून बोट ठेवतात.
तिथून सुरू होतो ग्लुटाथायोनचा कारखाना,
सुट्टं लोखंड कोंडून ठेवणारं फेरिटिन,
आणि झाडलोट करणारे इतर कितीतरी,
ज्यांची नावं मला परीक्षेपुरती पाठ होती.

आप्पांनी उजवा हात उलटा केला.
कधीतरी लॅडल कलंडला होता.
त्या हाताची दोन बोटं
अजून मिटत नाहीत.
"म्हणजे आधी भाजतंय ते राखणदाराला."
हो.
"कळतंय की मग त्याला."
हो आप्पा. कळतं ते भाजण्यातूनच.

बराच वेळ ते चहाच्या कपाशी खेळत राहिले.
मग विचारलं,
"आणि गेट कायमचं वर राहिलं तर?"

त्या प्लेटा मी खालच्या कप्प्यात ठेवते.
फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशी.
त्यांचा राखणदार मुळातच बिघडलेला,
दांडा सदाचा वर.
माझा थेंब त्यांना लागत नाही.
औषधही फारसं लागत नाही.
निरोगी पेशीला जे कवच
ते यांनाही कवचच,
कवच विचारत नाही आत कोण आहे.
कुणा अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाकडून
आलेल्या त्या पेशी,
तो माणूस कधीच गेला,
या अजून वाढतायत.

आप्पांना श्रावणात अठ्ठावन्न होतील.
तीस वर्षांची मोल्डिंगची वाळू छातीत,
पहाटेचा खोकला
भिंतीपलीकडून मी मोजते.
"उघडं राहिलं तर वाईट," एवढंच म्हणाले मी.
"तेच म्हणतोय," ते म्हणाले,
आणि कप धुवायला उठले.

आज दहा मिनिटांची पंधरा झाली.
मागचा टेम्पोवाला कन्नडातून गेटमनचा उद्धार करत होता,
मग मराठीतून, कमी पडू नये म्हणून.
गेटमन केबिनबाहेर आला,
चाकावर हात ठेवून उभा राहिला,
रुळांकडे बघत.
मी गाडी बंद केली.