बहर आठवडाभर लांबला

डार्लिंग्टनहून सकाळी सव्वाआठची बस.
तिकीट एकोणतीस पौंड, चहा आणि स्कोन धरून.
ड्रायव्हर कीथ माइकवर म्हणाला,
मंडळी, वाईट बातमी आधीच सांगून टाकतो,
यंदा थंडी हलायला तयार नाही,
बहर आठवडाभर लांबलाय.
पैसे परत मिळणार नाहीत.
बेचाळीस म्हाताऱ्यांपैकी
एकही उतरला नाही.

शेजारी मॉरीन. शाळेत पोरांना जेवण वाढायची.
वय एकोणऐंशी, गुडघे दोन्ही नवे.
म्हणाली, कळ्या तर कळ्या,
घरी तरी कोण फुललंय माझी वाट बघत?

न्यूकॅसल मागे पडलं. मेंढ्यांच्या पाठीवर
निळे आकडे, गवतावर पहाटेचं दहिवर अजून तसंच.
गावाचं नाव लिहिताना मध्ये एक एल, एक डब्ल्यू,
बोलताना दोन्ही गिळायची: ॲनिक.
मला त्याचं कधी नवल वाटलं नाही.
पॅथॉलॉजी लॅबमध्ये पहिल्याच सोमवारी
इंदुमती दाभोळेची इंडी झाली,
एकतीस वर्षं मी त्या हाकेला ओ दिली,
आणि खोटं कशाला बोलू,
ओ देताना पोटात काही तुटलंबिटलं नाही.

बाग उतारावर. तीनशेवर झाडं,
सगळी एका जातीची, रांगा धरून.
तांबूस पालवी, फांदीफांदीला मिटलेल्या मुठी,
आणि टोकाशी पांढरं किंचित,
हिरडीतून दुधाचा दात दिसावा
तेवढंच.

झाडांमध्ये झोपाळे बांधलेत.
मॉरीन आणि मी एकावर बसलो, डबे उघडले.
तिचं अंड्याचं सँडविच. माझी दशमी, लसणाची चटणी,
लॅबमध्ये जी मी कधीच नेली नाही.
तिने बोटभर चाटली, उचकी लागली, पुन्हा चाटली.

मग कशावरून कोण जाणे, मी तिला
कराडच्या मुजावरांच्या बेकरीचं सांगितलं.
वाढदिवसाच्या केकवर मधोमध
एक लालभडक चेरी. तिच्यासाठी मी
भावाच्या झिंज्या उपटल्या आहेत.
आणि दहावीच्या सुट्टीत मुजावरांचा सलीम
गुपित फोडून मोकळा झाला:
ती चेरी नव्हेच. करवंद.
बिया काढलेलं, चुन्याच्या निवळीत ठेवलेलं,
रंगात बुडवून पाकात मुरवलेलं.
दोन दिवस मी सलीमशी बोलले नाही.
करवंदावर राग नव्हता.
त्याला कुठे कुणी विचारलं होतं,
तुला काय म्हणून खपायचंय?

मॉरीन म्हणाली, पण लागायचं कसं?
गोड.
मग बिघडलं काय?
मला उत्तर येईना. झोपाळा कुरकुरत राहिला.

माळी चाललेला, त्याला विचारलं,
यांना चेरी लागतात केव्हा?
म्हणाला, खायच्या नाहीत लागत.
ही नुसती फुलतात.
मॉरीन खूश झाली. चला,
कुणीतरी काही काम न करता जगतंय.

उपाहारगृहाच्या भिंतीशी मात्र एक झाड,
स्वयंपाकघराची गरम हवा अंगावर घेत,
एकटंच फुललेलं. सगळं.
फुलं बशीएवढी नसतील, पण मला वाटली.
आम्ही रांग लावली, रेशनला लावावी तशी,
एकेकाने खाली उभं राहून फोटो काढला.
वास चिप्स तळल्याचा येत होता.
तरी मी नाक वर केलं,
आणि त्या तेलाच्या आड कुठेतरी
एप्रिलमधली करवंदाची जाळी,
पांढरी, काटेरी,
अजून कुणी काही नाव न ठेवलेली.

बसमध्ये कीथने डोकी मोजली. एक्केचाळीस.
पुन्हा मोजली.
इंडी! त्याने पार्किंगमधून हाक मारली. मग जोरात, इंडी!
मी ऐकलं. हललेच नाही.
तेवढ्यात मॉरीन नव्या गुडघ्यांवर
दारातून अर्धी बाहेर लोंबकळली,
सकाळी ओळख होताना एकदाच ऐकलेलं नाव
तिने आभाळभर मोडून टाकलं:
इंडूऽमाऽटी!

दोन्ही हाकांना मिळून
मी एकच ओ दिली.

पाय गारठले होते. स्कोन खायचा राहिला,
पिशवीत आहे.