कुलूप कुठल्या हेडखाली

वडगावात, जिथे यंत्रमाग रात्री दहापर्यंत धडधडतात
आणि कोण रडलं ते शेजारच्याला कळत नाही,
तिथे आमचं घर आहे.
पाटी नाही.
सात खाटा. आज अकरा बायका, चार पोरं.
मी हिशेब लिहिते.

अर्ज कन्नडात जातो,
अहवाल इंग्रजीत मागतात,
मार मात्र जिच्या तिच्या घरच्या बोलीत खाल्लेला असतो.
मी तिघींच्या मधे बसते, पट्टी आणि लाल पेन घेऊन.

बेंगळुरूच्या ट्रस्टनं यंदा बॅनर मंजूर केलेत.
कार्यशाळा मंजूर, चहा-बिस्किटं मंजूर,
'मनोबल' या शब्दापुढे चाळीस हजार.
गॅस नाही.
रात्रभर जागणाऱ्या निंगव्वाक्काचा पगार नाही.
मागच्या दाराचं कुलूप कुठल्या हेडखाली बसतं,
असं त्यांनी विचारलंय.
मी 'मनोबल'खाली लिहिलं.
परत आलं.

निपाणीच्या वखारीतल्या बायका वर्गणी काढून पाठवतात.
नोटांना तंबाखूचा वास;
मोजताना मी शिंकते, पुन्हा पहिल्यापासून मोजते.

एका शेटजींना फोटो हवा होता.
'डोळ्यांवर काळी पट्टी मारू की,' म्हणाले.
तारा कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी राहिली,
ब्लाऊजचा वरचा हूक काढला.
शेटजींनी फोटो घेतला नाही.
चेक ठेवून गेले, सही करायची विसरून.

मंगळवारी खानापूरच्या बसनं एक बाई आली.
बोटांवर काजूच्या चिकाचे काळे डाग.
साडेसहाशे रुपये टेबलावर ठेवले, सुटे.
'पावती माझ्या नावानं नको. ल्योक खिसे-पिशव्या तपासतो.'

आमचा नियम आहे:
कोण इथे आहे, कोण नाही, सांगायचं नाही.
'सांगू नको,' ती म्हणाली, 'मी बी इचारलालो नाही.
तिचा नवरा माझ्या पोटचा हाय, एवढंच सांगलालो.
दार मजबूत करा.
लाथ कुठं घालायची ते त्यो बापाकडनं शिकलाय.'

पाणी दिलं. प्याली नाही.
आतल्या खोलीतून भांडी घासल्याचा आवाज येत होता,
तो अचानक थांबला.
ती त्या आवाजाच्या जागेकडे बघत राहिली थोडा वेळ,
मग चार वाजताची बस आहे म्हणाली.

पत्ता कुणी दिला, विचारायचं राहून गेलं.
तिला सापडला म्हणजे त्यालाही सापडेल.

त्याच संध्याकाळी खडेबाजारातून कुलूप आणलं,
पाचशे ऐंशी, तीन किल्ल्यांसकट.
उरलेल्या सत्तरचं तेल.
पावती क्रमांक एकशे अठरा:
नावाच्या रकान्यात एक रेघ,
तपशिलात 'कुलूप', हेड कोरं.

मार्चात ऑडिटर येईल,
रेघेवर बोट ठेवून विचारेल, हे कोण?
इतकी वर्षं इथे काढली,
तेवढं कन्नड मला येतं.
म्हणेन, गोत्तिल्ला.